गुणवत्तेवरचे विद्यार्थी प्रकल्प : आधी आराखडा तपासा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुलै उजाडला की आमच्या कोल्हापूर भागातल्या कारखान्यांच्या फाटकाशी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांचे चार-चार जणांचे गट दिसू लागतात. व्यवस्थापन शास्त्राचे विद्यार्थी त्याआधीच उन्हाळ्यात दोन महिने येऊन गेलेले असतात. प्रत्येकाच्या हातात महाविद्यालयाचे पत्र असते आणि पत्रातला मजकूर बहुधा सारखाच असतो : आमच्या विद्यार्थ्यांना आपल्या कारखान्यात गुणवत्ता व्यवस्थापन या विषयावर प्रकल्प करण्याची परवानगी मिळावी. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन औद्योगिक वसाहतींमधल्या फौंड्र्यांत (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांत) मी एकतीस वर्षे गुणवत्ता विभागात काढली. त्या काळात असे अनेक गट माझ्याकडे आले, आणि निवृत्तीनंतर आता मुले प्रकल्पाचे कागद घेऊन घरी येतात. त्यांच्या कष्टांविषयी माझी काहीही तक्रार नाही. भट्टीजवळच्या उकाड्यात उभी राहून नोंदी घेणारी मुले मी पाहिली आहेत. तक्रार आहे ती त्यांच्या प्रकल्पाची आखणी ज्या घाईने उरकली जाते तिच्याविषयी. पहिला आकडा गोळा करण्यापूर्वी प्रकल्पाचा आराखडा लेखी मांडला जावा, तो कारखान्याच्या माणसांसमोर तपासला जावा आणि त्याला स्वतंत्र गुण असावेत, एवढीच मागणी मी या पत्रातून विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांपुढे ठेवत आहे. तिची कारणे सविस्तर लिहीत असल्याने पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

सध्या काय घडते ते आधी सांगतो. विषयाचे नाव पहिल्या आठवड्यात ठरवून महाविद्यालयाला कळवायचे असते, म्हणून ते नाव शक्य तितके ऐसपैस ठेवले जाते : अमुक उद्योगातील संपूर्ण गुणवत्ता व्यवस्थापनाचा अभ्यास. या नावात प्रश्न कुठेच नसतो. मग मुले कारखान्यात येतात, मागच्या तीन महिन्यांचे रिजेक्शनचे (नाकारलेल्या मालाचे) आकडे मागतात, त्यांचा स्तंभालेख काढतात आणि त्यापुढे माशाच्या काट्याची आकृती (दोषाची कारणे काट्यांसारख्या फांद्यांवर मांडणारी) जोडतात. काओरू इशिकावा यांनी ती आकृती जपानमध्ये रूढ केली, ती यंत्रावर काम करणारी माणसे एकत्र बसून कारणांचा माग काढू शकतील म्हणून. आमच्याकडच्या अहवालांत ती वसतिगृहाच्या खोलीत काढलेली असते, आणि ‘मनुष्यबळ’ या काट्याखाली ‘प्रशिक्षणाचा अभाव’ हे शब्द न चुकता असतात. ज्या कामगाराने पंधरा वर्षे मोल्डिंग (वाळूचे साचे भरण्याचे काम) केले त्याला एकही प्रश्न न विचारता हा शेरा मारला जातो, याचे मला फार वाईट वाटते. आयएसओ 9001 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेल्या प्रकल्पांची स्थितीही वेगळी नाही. कारखान्याची गुणवत्ता पुस्तिका मागून घ्यायची आणि तिची प्रकरणे अहवालात उतरवायची, असा परिपाठ पडला आहे. या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीने अशी पुस्तिका असण्याची सक्तीच काढून टाकली, ही गोष्ट त्यातल्या फार थोड्या अहवालांत आढळते.

आराखड्याची सुरुवात प्रश्नापासून व्हायला हवी, आणि तो प्रश्न विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या बारा-चौदा आठवड्यांत उत्तर सापडेल एवढाच मोठा असायला हवा. ट्रॅक्टरच्या एखाद्या हाउसिंगचे (बाहेरच्या कवचाचे) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घ्यावे, त्याच्यातला एकच दोष घ्यावा आणि विचारावे की या हाउसिंगमध्ये ब्लो होलमुळे (वायू अडकून पडणाऱ्या पोकळ्यांमुळे) होणारे रिजेक्शन मोल्डिंगच्या वाळूतील ओलाव्याच्या तासागणिक चढउतारांबरोबर बदलते का. वाळूची चाचणी दिवसातून अनेकदा होतच असते आणि ओलावा, पर्मिएबिलिटी (वाळूतून वायू निसटू देण्याची क्षमता), कॉम्पॅक्टॅबिलिटी (वाळू किती दाबली जाते) यांचे आकडे रजिस्टरात असतात. कास्टिंगवर हीट कोड, म्हणजे ते वितळवलेल्या धातूच्या कोणत्या खेपेतले आहे हे सांगणारा क्रमांक, असतो. म्हणजे दोन्ही बाजू जोडायला लागणारे साहित्य कारखान्यात आहे, फक्त ते जोडण्याची सवड आम्हा रोजच्या कामातल्या माणसांना मिळत नाही. विद्यार्थ्याकडून कारखान्याला खरी मदत होऊ शकते ती इथे. एवढा लहान विषय शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला शोभत नाही, असे एका मार्गदर्शक प्राध्यापकांनी मला सांगितले होते. माझा अनुभव असा आहे की अशा लहान प्रश्नाच्या मागे लागलेल्या गटाला साहित्यविज्ञान, संख्याशास्त्र आणि माणसांशी बोलण्याची कला या तिन्हींचा अभ्यास करावाच लागतो.

प्रश्न ठरला की दोष म्हणजे काय हे ठरवावे लागते, आणि सर्वांत जास्त प्रकल्प याच पायरीवर फसतात. याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचे आहे. एका गटाने आमच्या रजिस्टरावरून असा निष्कर्ष आणला की पहिल्या पाळीत ब्लो होल जास्त आहेत आणि दुसऱ्या पाळीत वाळूचे दोष जास्त आहेत. मुलांनी त्यावरून पाळीनिहाय कारणेही लिहून काढली होती. मी त्यांना थांबवले आणि तीस कास्टिंग बाजूला काढायला सांगितली : काही निर्दोष, काही उघड खराब आणि बरीचशी मधली. त्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक टाकले. तीन तपासनीसांना ती वेगवेगळे बोलावून दाखवली, प्रत्येकाने पास की रिजेक्ट आणि रिजेक्ट असल्यास कोणता दोष हे कागदावर लिहिले, आणि दोन दिवसांनी क्रम बदलून तीच तीस कास्टिंग पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली. हे करायला दोन सकाळी लागल्या. कागद शेजारी-शेजारी मांडले तेव्हा मुले गप्प झाली. मधल्या कास्टिंगपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी तिघांचे एकमत नव्हते, आणि त्यांतले सर्वांत अनुभवी तपासनीस स्वतःच्याच परवाच्या निर्णयाशी चार ठिकाणी असहमत होते. एकाच खड्ड्याला एक जण ब्लो होल म्हणत होता आणि दुसरा वाळू पडल्याचा दोष म्हणत होता, कारण शॉट ब्लास्टनंतर (छर्‍यांच्या माऱ्याने साफ केल्यावर) त्या खड्ड्यात वाळू उरत नाही आणि मग तो कसा झाला हे नुसत्या नजरेने ठरवणे खरोखरच कठीण असते. पाळ्यांमधला जो फरक मुलांनी शोधला होता तो साच्यांमधला नव्हताच. तो नाव देण्यातला फरक होता.

त्या दिवशी दुपारी ते अनुभवी तपासनीस माझ्याकडे आले. त्यांना अपमान वाटला असेल अशी मला धास्ती होती. ते म्हणाले, “साहेब, फेटलिंगच्या टेबलावरची एक ट्यूब पंधरा दिवस बंद आहे. कुणी विचारलं नाही म्हणून मी बोललो नाही.” आम्ही कास्टिंग घासून साफ करण्याच्या त्या टेबलावरची ट्यूब बदलली, आणखी एक दिवा बाजूने तिरपा लावला, आणि प्रत्येक दोषाचे कमीत कमी व जास्तीत जास्त चालेल असे नमुने खऱ्या कास्टिंगमधून कापून फळीवर टांगले. त्यानंतरच्या आठवड्यात रिजेक्शनचा आकडा वाढला. साच्यात, वाळूत, धातूत काहीही बदलले नव्हते, आता दोष दिसू लागले होते एवढेच. आधीच्या आकड्यांना पाया धरून या गटाने एखादा उपाय केला असता, तर चांगला उपायही वाईट ठरला असता. मोजमापाची ही परीक्षा आराखड्यातच असायला हवी असे मी म्हणतो ते यासाठी. व्हर्निअर किंवा मायक्रोमीटरने मोजायच्या मापांसाठी वाहन उद्योगात प्रचलित दंडक आहे : मापनातला चढउतार एकूण चढउताराच्या 10 टक्क्यांच्या आत असेल तर मापन चांगले आणि 30 टक्क्यांच्या वर गेला तर त्या मापनावर विसंबू नये. विद्यार्थी हा दंडक परीक्षेत लिहितात आणि प्रकल्पात विसरतात.

यानंतरचा मुद्दा काळाचा आहे, आणि तो आपल्या हवामानाशी व आपल्या शैक्षणिक वर्षाशी असा काही गुंतला आहे की त्याबद्दल थोडे जास्त लिहिणे मला भाग आहे. अभियांत्रिकीचा प्रकल्प जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतो. त्या वेळी मुले ‘सुधारणेपूर्वीची स्थिती’ म्हणून आकडे घेतात. दिवाळीनंतर उपाय सुचवले जातात आणि जानेवारी-फेब्रुवारीत ‘सुधारणेनंतरची स्थिती’ मोजली जाते. आता कोल्हापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको की जुलैत फौंड्रीत काय होते. नवी वाळू ओली येते. सिलिकेटचे कोअर (कास्टिंगमधली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे) दोन दिवस रॅकवर राहिले तरी हवेतली ओल धरतात. यार्डात पडलेले भंगार ओले आणि गंजलेले असते, आणि लॅडल (धातू ओतण्याचे भांडे) नीट तापवली गेली नाही तर तीही वायू सोडते. या सगळ्यांमुळे कास्टिंगमध्ये वायूचे दोष वाढतात. ऑक्टोबरनंतर हवा कोरडी होते आणि ते आपोआप कमी होतात.

अशाच एका गटाने पावसाळ्यात घेतलेल्या आकड्यांशी जानेवारीचे आकडे ताडून रिजेक्शन जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दाखवले होते आणि त्याचे श्रेय त्यांनी तयार केलेल्या एका तपासणी तक्त्याला दिले होते. मुले प्रामाणिक होती, तक्ताही वाईट नव्हता. मी मागच्या तीन वर्षांची रजिस्टरे काढून त्यांच्यापुढे ठेवली. दरवर्षी तोच उतार होता, तक्ता नसतानाही. अहवाल बांधून तयार झालेला असताना हे कळणे किती जिव्हारी लागते ते त्या चौघांच्या चेहऱ्यावर मी पाहिले. ती रजिस्टरे मी जुलैतच त्यांच्या हाती द्यायला हवी होती, आणि ती त्यांनी जुलैतच मागायला हवी होती. आराखड्याची बैठक झाली असती तर दोन्ही गोष्टी घडल्या असत्या, कारण वर्षभरात हा दोष कसा हलतो हा प्रश्न कुणीतरी विचारलाच असता. तो प्रकल्प महाविद्यालयात उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, आणि त्यामुळे मला अधिक काळजी वाटते.

काळाचा आणखी एक पेच आहे. पृष्ठभागाखालचे दोष फौंड्रीत दिसत नाहीत, ते ग्राहकाकडे मशिनिंग झाल्यावर उघडे पडतात, आणि तोवर तीन-चार आठवडे निघून गेलेले असतात. त्यामुळे ‘फेब्रुवारीचे रिजेक्शन’ म्हणून जो आकडा कार्यालयात असतो त्यात जानेवारीत ओतलेली कास्टिंग मोठ्या संख्येने असतात. उपाय 1 फेब्रुवारीला केला आणि फेब्रुवारीचा आकडा पाहिला, तर आपण जुन्याच पद्धतीने ओतलेला माल तपासत आहोत हे ध्यानात येत नाही. आकडे ओतण्याच्या तारखेवरून लावायचे की परत आल्याच्या तारखेवरून, हे आराखड्यात एका वाक्यात लिहिले तरी हा घोटाळा टळतो.

किती कास्टिंग पाहायची, हा प्रश्न विचारला की बहुतेक गट ‘शंभर’ असे उत्तर देतात, कारण टक्केवारी काढायला ते सोपे पडते. समजा शंभरात आठ खराब निघाली आणि उपायानंतरच्या शंभरात पाच. मुलांना वाटते सुधारणा झाली. पण शंभरात आठ निघाली यावरून खरे प्रमाण 4 टक्क्यांपासून 15 टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, एवढेच काय ते सुमारे 95 टक्के खात्रीने म्हणता येते. 8 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलेली खरी सुधारणा पाचपैकी चार वेळा तरी पकडायची असेल आणि योगायोगाला सुधारणा समजण्याचा धोका 5 टक्क्यांवर ठेवायचा असेल, तर दोन्ही बाजूंना हजाराहून थोडी जास्त, म्हणजे साधारण 1,050 कास्टिंग पाहावी लागतात. हे गणित अभ्यासक्रमात शिकवले जाते आणि करायला दहा मिनिटे लागतात. ते आधी केले तर दोनच गोष्टी होतात : एक तर भरपूर उत्पादन असलेला भाग निवडला जातो, किंवा पास-रिजेक्टऐवजी एखादे माप, उदाहरणार्थ भिंतीची जाडी किंवा कडकपणा, मोजायचे ठरते, कारण मापाच्या आकड्यात माहिती जास्त असते आणि थोड्या नगांत काम भागते. नियंत्रण आलेख (प्रक्रिया नेहमीच्या चढउतारात आहे की बिघडली हे दाखवणारा) काढायचा असेल तर चार किंवा पाच नगांचे वीस-पंचवीस उपगट मिळतील का, हेही तेव्हाच पाहता येते. दहा ठिपक्यांवर मर्यादारेषा मारलेले आलेख मी अहवालांत पुष्कळ पाहिले आहेत.

नियंत्रण आलेखाची कल्पना वॉल्टर शुहार्ट यांनी 1924 मध्ये अमेरिकेतल्या टेलिफोन उद्योगात मांडली, आणि भारतीय संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या निमंत्रणावरून ते 1947-48 मध्ये भारतात येऊन इथल्या कारखान्यांना हे शास्त्र सांगून गेले. अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांची जपानमधली प्रसिद्ध व्याख्याने 1950 ची, म्हणजे त्यानंतरची. प्रयोगांच्या आखणीसाठी जगभर वापरले जाणारे ऑर्थोगोनल अॅरे (थोड्या प्रयोगांत अनेक घटक तपासायचे संतुलित तक्ते) सी. आर. राव यांनी 1940 च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत असताना मांडले, आणि पुढे ते ज्यांच्या नावाने उद्योगांत पोहोचले ते जपानी अभियंते गेनिची तागुची 1954-55 मध्ये त्याच संस्थेत पाहुणे म्हणून राहिले होते. हे मी अभिमान मिरवण्यासाठी लिहीत नाही. 1938 साली पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी आपल्याच देशात असे बजावले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणे आहे, फार तर प्रयोग कशाने मेला ते तो सांगू शकेल. एप्रिलमध्ये पूर्ण झालेला अहवाल घेऊन एखादा गट माझ्या दारात उभा राहतो तेव्हा मला दरवेळी हे बोल आठवतात.

तुलना कशी करायची हेही आधीच ठरवावे. ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना सोपी दिसते, पण मधल्या काळात वाळू बांधणाऱ्या बेंटोनाइट मातीचा पुरवठादार बदलतो, पॅटर्नची (साच्याला आकार देणाऱ्या नमुन्याची) दुरुस्ती होते, नवा तपासनीस येतो, वीज वारंवार जाते. त्यापेक्षा एकाच दिवशी, एकाच हीटमधून, एक साचा जुन्या पद्धतीचा आणि एक नव्या पद्धतीचा असे आलटून-पालटून भरले आणि तपासणाऱ्याला कोणता कोणता ते सांगितले नाही, तर ऋतू, धातू आणि माणूस या तिन्हींचा परिणाम दोन्ही बाजूंवर सारखाच पडतो. अशी मांडणी उत्पादन विभागाच्या परवानगीशिवाय होत नाही आणि उत्पादन विभाग ऐन वेळी विचारले तर नाहीच म्हणतो, कारण त्याच्या डोक्यावर महिन्याचे उद्दिष्ट असते. जुलैत विचारले, किती साचे लागतील आणि कोणत्या तारखांना लागतील हे कागदावर दाखवले, तर तोच सुपरवायझर मार्ग काढून देतो. मी हे अनेकदा होताना पाहिले आहे.

माणसांविषयी आणखी दोन गोष्टी आराखड्यात लिहिल्या जाव्यात असे मला मनापासून वाटते. हातात वही घेऊन यंत्राशेजारी उभा राहिलेला अनोळखी मुलगा कामगाराला साहेबांचा माणूस वाटतो. तो कशासाठी आला आहे हे पाळीच्या सुरुवातीला सर्वांसमोर सांगितले नाही आणि नोंदींत कुणाचेही नाव लिहिले जाणार नाही हे वचन दिले नाही, तर खराब कास्टिंग गुपचूप भंगारात जातात आणि रजिस्टर स्वच्छ दिसू लागते. दुसरी गोष्ट विद्यार्थिनींची. तिसऱ्या पाळीत थांबणे त्यांना शक्य नसते, म्हणून अनेक ठिकाणी त्यांना कारखान्यातला विषयच दिला जात नाही आणि प्रश्नावली भरून घेण्याचे काम सोपवले जाते. हा अन्याय आहे. रात्रीच्या नोंदी पाळीच्या सुपरवायझरकडून ठरावीक तक्त्यात भरून घेता येतात आणि नमुने क्रमांक टाकून सकाळपर्यंत राखून ठेवता येतात. आमच्याकडे एका मुलींच्या गटाने कोअरमधल्या वायूच्या प्रमाणावर केलेले काम असेच झाले होते, आणि इतके व्यवस्थित नोंदवलेले काम मी क्वचितच पाहिले आहे.

प्रश्नावलीचा उल्लेख आलाच आहे तर तेही सांगतो. व्यवस्थापन शास्त्राच्या विद्यार्थ्यांचे बहुतेक प्रकल्प पाच पर्यायांच्या प्रश्नावलीवर उभे असतात. सेवांच्या गुणवत्तेसाठी 1988 साली प्रसिद्ध झालेली सर्व्हक्वाल ही बावीस विधानांची प्रश्नावली त्यांच्या फार आवडीची आहे. ती अपेक्षा आणि अनुभव यांतले अंतर मोजते. तिचे मराठी भाषांतर आदल्या रात्री केले जाते, कुणाही दोन-चार लोकांवर ते आधी करून पाहिले जात नाही आणि ओळखीच्या लोकांना मोबाइलवर पाठवून दीडशे उत्तरे जमवली जातात. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढल्यापासून डॉक्टरांपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, दूध संकलन केंद्रावर एकाच दुधाचे फॅट दोनदा मोजले तर आकडा किती बदलतो, ग्रंथालयात मागितलेले पुस्तक किती वेळा जागेवर सापडते, असे घड्याळाने आणि मोजणीने सुटणारे प्रश्न त्यांना का सुचवले जात नाहीत हे मला कळलेले नाही. लोकांना काय वाटते हे विचारणे चूक नाही, पण जे मोजता येते ते आधी मोजावे.

आता मागणीकडे वळतो. विद्यापीठांनी प्रकल्पाच्या एकूण गुणांपैकी किमान एक चतुर्थांश गुण आराखड्यासाठी राखून ठेवावेत आणि ते आकडे गोळा करण्यापूर्वी, पहिल्या पाच-सहा आठवड्यांत द्यावेत. आराखडा चार पानांहून मोठा नसावा. त्यात प्रश्न, दोषाची व्याख्या, मोजणारी व्यक्ती आणि साधन, मोजमापाची परीक्षा, नगांची संख्या आणि तिचे गणित, तारखा, आणि कोणते उत्तर आले तर होय व कोणते आले तर नाही म्हणायचे, एवढे असावे. त्याबरोबर अहवालात येणारे सगळे तक्ते आणि आलेख रिकामे काढून जोडावेत. रिकामा तक्ता काढायला बसले की कोणता स्तंभ कुठून भरायचा हे लगेच कळते किंवा कळत नाही, आणि कळत नसेल तर ते जुलैत कळलेले बरे. हा आराखडा तपासण्याची बैठक महाविद्यालयात न घेता कारखान्यात, वाळूच्या प्रयोगशाळेजवळ किंवा तपासणीच्या टेबलाजवळ व्हावी आणि तिथे प्राध्यापकांबरोबर पाळीचा सुपरवायझर व एक तपासनीस हजर असावेत. तारीख घातलेला मूळ आराखडा अंतिम अहवालाच्या आरंभी बांधला जावा, म्हणजे वाटेत काय बदलले आणि का बदलले हे बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना दिसेल. आणि ‘सुधारणा झाली नाही’ असा निष्कर्ष नीट आखलेल्या कामातून आला असेल, तर त्याला पूर्ण गुण मिळावेत. ओलाव्याचा आणि त्या दोषाचा संबंध आमच्या वाळूत आढळला नाही, असे एखाद्या गटाने खात्रीने सांगितले तर कारखान्याचा एक चुकीचा खर्च वाचतो. गुण कमी होतील या भीतीने मुलांना आकडे वाकवावे लागू नयेत.

कारखान्यांनीही थोडे पुढे यायला हवे, हे मी माझ्याच व्यवसायबंधूंना उद्देशून लिहितो. आकडे बाहेर जातील या भीतीने आपण विद्यार्थ्यांना अर्धी रजिस्टरे दाखवतो आणि मग अहवाल वरवरचा झाला म्हणून नाक मुरडतो. रिजेक्शनची मूळ पातळी 100 धरून पुढचे सर्व आकडे त्या प्रमाणात छापले, भागाचे आणि ग्राहकाचे नाव वगळले, तर गुपित राहते आणि शास्त्रही बिघडत नाही. हे आराखड्याच्या वेळीच लिहून द्यावे, म्हणजे मार्चमध्ये अहवाल अडवून धरण्याची वेळ येत नाही. गेल्या तीन वर्षांची रजिस्टरे मात्र पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे ठेवावीत.

प्राध्यापकांवरचा भार मला माहीत आहे. एका मार्गदर्शकाकडे पाच-सहा गट असतात आणि शिरोलीपर्यंत येण्याचा प्रवासखर्चही पुष्कळदा त्यांच्याच खिशातून जातो. म्हणून ही बैठक त्यांच्या तासिकांत धरली जावी अशी माझी विनंती आहे. आमच्यासारखे निवृत्त लोक या भागात पुष्कळ आहेत, आणि दर गटामागे एक सकाळ देण्यात त्यांना आनंदच वाटेल. मी स्वतः माझ्या जवळच्या तीन महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांना तसे लेखी कळवले आहे. एकांचे उत्तर आले आहे. त्यांचे दोन गट येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता रिकामे तक्ते घेऊन फौंड्रीत यायचे आहेत, आणि तिथल्या तपासनीसांनी तीस कास्टिंग आधीच बाजूला काढून ठेवली आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त गुणवत्ता व्यवस्थापक,
कोल्हापूर